हिरड्याखाली हिरड्याचं रोप का दिसत नाही?

एप्रिल-मे महिन्यात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघर, हातवीज, आहुपे या बाजूला कुठल्याही वाडीत जा. अंगणात, खळ्यावर, घराच्या पत्र्यावर हिरडा वाळत पडलेला असतो. उतरवला तेव्हा हिरवागार, उन्हं खात खात तपकिरी आणि शेवटी काळा कुळकुळीत, सुरकुतलेला. हाच तो बाळहिरडा, म्हणजे आत बी धरायच्या आधीच उतरवलेलं फळ. बाळगुटीच्या डबीत असतो तोच.

इथल्या महादेव कोळी आदिवासी घरांसाठी हे साधं रानफळ नाही. भात डिसेंबरपर्यंत घरात येतं, त्यानंतर हाती रोकड देणारं मोठं पीक हिरडाच. मुलांची फी, लग्न, पावसाळ्याचा किराणा, सगळं त्यावर. पण त्यासाठी उंच झाडावर चढून काठीने फांद्या झोडपायच्या, खाली बायका-पोरांनी पालापाचोळ्यातून एकेक फळ वेचायचं. वळवाचा पाऊस आला की पळापळ, कारण भिजलेल्या मालाला बुरशी धरते आणि भाव पडतो. झाडावरून पडून जायबंदी झालेली माणसं या भागात आहेत. शहरात त्रिफळा चूर्णाची बाटली घेताना हे कुणाला ठाऊक नसतं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

हेच फळ झाडावर राहिलं तर वाढत जातं. मधल्या अवस्थेतला तो चांभारी हिरडा, कातडं कमवायला लागणारा. पूर्ण पिकलेला, पिवळा, कंगोरेदार तो सुरवारी. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, म्हणून चामडं आणि रंगकाम या दोन्ही धंद्यांत त्याला मान. हिरडा भिजवलेल्या पाण्यात एक गंजका लोखंडी खिळा टाकून बघा. पिवळसर पाणी बघता बघता शाईसारखं काळं होतं. पूर्वी शाई करायचे ती याच गुणावर. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर आजही कापड आधी हिरडा आणि दुधात बुडवतात, तेव्हाच त्यावर लोखंडाच्या पाण्याची काळी रेघ पक्की बसते.

झाड म्हणूनही हिरडा घाटमाथ्याचा हक्काचा रहिवासी. ऐन, अर्जुन, बेहडा, किंजळ हे सगळे त्याचे भाऊबंद. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतो, मग तांबूस पालवी आणि तिच्याबरोबरच फिकट पांढरे तुरे. त्यांचा वास माणसाला फारसा आवडत नाही, पण मधमाश्या तुटून पडतात. पान हातात घेऊन देठ नीट पाहा, पात्याजवळ दोन बारीक गाठी दिसतील. त्यांच्या रसासाठी मुंग्या येतात. भीमाशंकरच्या रानात शेकरू जमिनीवर फारसा न उतरता शेंड्याशेंड्याने फिरतो, त्याला अशी एकमेकांत गुंतलेली मोठी झाडंच लागतात.

भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजताना ऐनाच्या फांद्या तोडतात, पण हिरड्याला सहसा कुणी कोयता लावत नाही. पैसा देणारं झाड म्हणून तो टिकला. त्यामुळे ‘हिरड्याची फळं उतरवणं बंद करा’ म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. फळं उतरवणं थांबलं तर उद्या तोच हिरडा कोळशाच्या भट्टीत जाईल.

माझी काळजी वेगळी आहे. बहुतेक सगळी फळं आपण बाळ असतानाच उतरवतो, कारण वाळलेल्या बाळहिरड्याला सुरवारीच्या कित्येक पट भाव मिळतो. मग बी पडणार कुठून? म्हातारी झाडं दिसतात, मधल्या वयाची कमी, आणि रोपं शोधावी लागतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातले जुने हिरडे मुळासकट आडवे झाले. भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, कारण आंबा-काजूसारखं हिरड्याला सरकारी निकषात पीक म्हणून स्थान नव्हतं. पैसे मिळाले तरी त्या जागी झाड उभं राहायला एक पिढी जाते.

म्हणून वाड्यावाड्यांतल्या मंडळींना माझं सांगणं आहे की प्रत्येक घराने निदान एक चांगलं झाड सुरवारीसाठी सोडावं, आणि कुठलं ते ग्रामसभेत ठरवावं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे हिरड्यासारख्या रानातल्या मालावर हक्क दिलाय, तर राखायचं कसं तेही आपणच ठरवू. पण त्या झाडाचं उत्पन्न बुडतं, ते एकट्या आदिवासी घराने का सोसावं? औषध कंपन्या हिरड्यावर धंदा करतात. बियाण्यासाठी राखलेल्या झाडामागे त्यांनी खरेदीत काही रक्कम जास्त द्यावी.

आणि रोपवाटिकांनी घाटमाथ्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ, ग्लिरिसिडियाची रोपं वाटणं आता पुरे करावं. हिरडा उगवायला नखरेल आहे हे खरं. बीचं कवच दगडासारखं, नुसतं पेरलं तर फार थोडं उगवतं. पण बीच्या रुंद टोकाकडचं कवच आतल्या गराला धक्का न लावता कापलं आणि दीड दिवस थंड पाण्यात भिजवून पेरलं, तर उगवण चांगली सुधारते. पिकलेली फळं थंडीत मिळतात. तेव्हा बी गोळा केलं तर रोपांच्या पिशव्या भरायला वेळ हाताशी राहतो. ज्यांच्याकडे जुनी, भरपूर धरणारी झाडं आहेत त्यांनी खाली गावाचं नाव लिहा.