झाडं आपोआप वर सरकतात म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ठिकाणांहून आला, सोसायटीच्या ग्रुपवर, ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर आणि मग थेट मामांकडून. मजकूर थोडक्यात असा की हवामान बदलतंय म्हणून बोंबलू नका, झाडं माणसापेक्षा शहाणी, उकाडा वाढला की ती डोंगरावर वर सरकतात, हिमयुगानंतरही अशीच सरकली होती, हम्बोल्ट या दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलेल्या डोंगरावर तर ५०० मीटर वर गेली, आणि अगदीच अडलं तर आपण रोपं उचलून नेऊ की. खाली हात जोडलेले दोन इमोजी. मामांशी फोनवर अर्धा तास वाद घातला, शेवटी म्हणाले लिहून पाठव, म्हणून हे.

"झाडं सरकतात." अहो, झाड कुठ्ठे जात नाही. ते जिथे रुजलं तिथेच वाळतं. सरकतं ते बी, म्हणजे खालच्या अंगाला जुनी झाडं मरत जातात, वरच्या अंगाला नवी रोपं धरतात आणि नकाशावर बघणाऱ्याला वाटतं अख्खी जात चालत निघाली. मग खरा प्रश्न असा की बी नेतं कोण? दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला कानळाची राई आहे, जायफळाच्या कुळातली झाडं, पाणथळ जागा, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. जेमतेम अडीच हेक्टरची ही जागा २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. या झाडाचं बी टपोरं, जायपत्रीत गुंडाळलेलं, वाऱ्याने उडायचा प्रश्नच नाही, धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याने गिळून लांब टाकलं तर टाकलं. आणि धान्यासारखं वाळवून डब्यात ठेवता येत नाही, वाळलं की मेलं. शिवाय ते पडायला हवं परत अशाच ओहोळाच्या चिखलात, आणि त्या भागात डोंगरउतारावर आता काय दिसतं तर काजू नाहीतर रबर. आता या राईला सांगा, सरक म्हणून! बिया वाहणारे पक्षी-प्राणी जगभर घटलेत आणि त्यामुळे अशा झाडांची हवामानामागे जायची ताकद जवळपास ६० टक्क्यांनी कमी झालीय असा हिशोब २०२२ साली आला होता. फॉरवर्डमध्ये पक्ष्यांचं नावसुद्धा नाही.

"हिमयुगानंतरही सरकली." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त पसरतं. १८९९ मध्ये क्लेमेंट रीड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता, ओकचं फळ झाडाखाली पडतं, मग हे झाड ब्रिटनच्या उत्तर टोकापर्यंत पोचलं कसं, नुसतं पडत-रुजत गेलं असतं तर दहा लाख वर्षं लागली असती. उत्तर परत तेच, पक्षी. पुढे तळ्यांच्या गाळातले परागकण बघून लोकांनी झाडांच्या सरकण्याचा वर्षाला काहीशे मीटर असा वेग काढला, पण २००५ मध्ये अमेरिकेतल्या बीच आणि लाल मेपल या झाडांच्या डीएनएवरून कळलं की तो १०० मीटरच्याही आत असावा. आता दुसरी बाजू बघा, या शतकात तापमानाचे पट्टे जगभर सरासरी वर्षाला ४२० मीटर सरकतील असा २००९ चा अंदाज आहे. डोंगरात हा आकडा बराच कमी, कारण थोडं चढलं की गारवा मिळतो, पण सपाटीवर तेवढ्याच गारव्यासाठी कितीतरी लांब जावं लागतं. आणि तेव्हाही सगळी वाचली नव्हती. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात स्प्रूस या सूचीपर्णी झाडाची एक जात भरपूर होती, हिमयुग संपता संपता ती पृथ्वीवरूनच गेली. गेलेली झाडं फॉरवर्ड पाठवत नाहीत, एवढंच.

"डोंगरावर वर जातात." जातात, हे मी नाकारत नाही. सिक्कीममध्ये हूकर नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४९-५० ला कुठली वनस्पती किती उंचीवर आहे ते लिहून ठेवलं होतं, दीडशे वर्षांनी त्याच लाचेन-लाचुंगच्या खोऱ्यात जाऊन १२४ जाती तपासल्या तर ८७ टक्के जातींची जागा बदललेली, दर दशकाला सरासरी साधारण २७ मीटर वर. बघ, मी म्हटलं नव्हतं, असं मामा इथे म्हणणार. पण मामा, हिमालयाला वर जायला जागा आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटरला संपतं. कासच्या पठारावर उथळ डबक्यांत वायतुरा फुलतो, त्याला ते कातळावरचं पावसाळी पाणी लागतं, आणि पठाराच्या वर काय आहे? आभाळ.

बरं, सगळी वरच जातात असंही नाही. कॅलिफोर्नियात ६४ जाती तपासल्या तर सरासरी ८० मीटर खाली आल्या होत्या, कारण त्या गारव्यापेक्षा पाण्याच्या मागे गेल्या. आणि हम्बोल्टचे ते ५०० मीटर, दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो डोंगरावरचे, त्याच्या जुन्या नोंदींशी आजची झाडं ताडून काढलेला तो आकडा २०१५ चा. २०१९ मध्ये जुनी कागदपत्रं परत उघडली तर कळलं की कुठली वनस्पती किती उंचीवर ते दाखवणाऱ्या हम्बोल्टच्या प्रसिद्ध चित्रातल्या उंचावरच्या बऱ्याच वनस्पती चिंबोराझोवरच्या नव्हत्याच, अंतिसाना नावाच्या दुसऱ्या डोंगरावरच्या होत्या, आणि नीट हिशोब केल्यावर सरकणं निघालं २१५ ते २६६ मीटर. हा ५०० चा आकडा हवामानबदलाची काळजी करणारेही छातीठोक फेकतात, मीही फेकलाय एकदा, तेव्हा मामांना एकट्याला बोलत नाही.

राहिलं "आपण रोपं नेऊ". फ्लोरिडात टोरेया नावाचं झाड नष्ट व्हायला आलंय, २००८ मध्ये काही हौशी लोकांनी त्याची ३१ रोपं उत्तरेला नॉर्थ कॅरोलिनात नेऊन लावली. त्यावर अजून भांडणं चालू आहेत, कारण या झाडाला बुरशीचा रोग आहे आणि रोपांबरोबर तोही जाईल ही भीती. घाणेरीसुद्धा आपल्याकडे कुणीतरी बागेत शोभेला म्हणूनच आणली होती ना! आणि कानळाचं बी न्यायचं म्हटलं तर ओलं ठेवून लगोलग रुजवावं लागेल. कुठल्या चिखलात, ते तेवढं फॉरवर्डवाल्यांना विचारून सांगा.