राजम, विद्यापीठ आणि गायकी अंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांच्या सुरुवातीच्या वाटचालीवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि जे पटलं नाही ते स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की बनारस हिंदू विद्यापीठातली नोकरी आणि डॉक्टरेट यांना मी नको तेवढी जागा दिली; विद्यापीठ म्हणजे सुरक्षित नोकरी, आणि वाजवणारा मैफलीत सिद्ध होतो, प्रबंधात नाही. दुसरा, व्हायोलिनवरच्या गायकी अंगाबद्दल, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखं वाजवण्याबद्दल, लिहिताना गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग या व्हायोलिनवादकांचा मी उल्लेखही केला नाही.

पहिल्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आपला खरा मतभेद तिथे आहे.

राजम यांचा जन्म १९३८चा. वडील ए. नारायण अय्यर यांच्याकडे अगदी लहानपणापासून कर्नाटक पद्धतीची तालीम, व्हायोलिनवादक टी. एन. कृष्णन हे थोरले बंधू. म्हणजे हिंदुस्थानी गायक पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्यापुढे शिकायला बसल्या तेव्हा त्यांचा हात चांगला तयार होता. अडचण नेमकी हीच होती. हात तयार होता, पण दुसऱ्या संगीतासाठी.

मालकंस हा हिंदुस्थानी राग घ्या. कर्नाटक संगीतातल्या हिंदोळम् रागाचे स्वर तेच: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. त्या तालमीतला वादक हे पाचही स्वर अगदी सुरेल लावेल, तरी मालकंस उभा राहीलच असं नाही. तिथे धैवत-निषाद (ध आणि नी) गमकातून, म्हणजे स्वराला दिलेल्या आंदोलनातून बोलतात. इथे त्याच धैवतावरून मध्यमावर (म) सावकाश, वजनदार मींडेने, म्हणजे स्वर न तोडता सरकत उतरायचं आणि मध्यमावर विसावायचं. स्वर सारखे असून राग निराळा का, हा संगीतशास्त्राचा प्रश्न आहे. राजम यांना तो रोज रियाजाला बसल्यावर बोटांनी सोडवावा लागला असणार. पुढे त्यांच्या डॉक्टरेटचा विषय हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची तुलना हाच होता. मग या प्रबंधाला मैफलीपासून तोडायचं तरी कुठून?

शिवाय गुरू गवई. कुठलं बोट सरकवायचं, गज कुठे वळवायचा, हे गायनाच्या तालमीत कोण सांगणार? गळ्यातून आलेली जागा वाद्यावर कशी उतरवायची, हे शिष्येने स्वतःच शोधायचं. त्यांचा विलंबित ख्याल ऐकताना गजाकडे लक्ष द्या. गवई एका श्वासात, एका अक्षरावर जेवढे स्वर घेईल तेवढे त्या एकाच गजात घेतात; गज वळतो तिथे बोल बदलल्यासारखा वाटतो. डाव्या हाताचं बोट एकाच तारेवर लांबवर सरकत जातं, दुसऱ्या तारेवर सोपा स्वर हाताशी असला तरी. बसून वाजवताना व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवलेलं असतं, त्यामुळे वाद्य पेलण्याचं काम डाव्या हाताकडे उरत नाही आणि तो मोकळा फिरतो. ही बैठक दक्षिणेची आणि त्यावर चाललेला ख्याल उत्तरेचा. अशी सांगड नुसत्या बोटांच्या तयारीने बसत नाही. त्यासाठी दोन्ही पद्धतींकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहावं लागतं.

आणि विद्यापीठ म्हणजे सुरक्षित नोकरी, हे तुमचं म्हणणं मला राजम यांच्यावर अन्याय करणारं वाटतं. बनारसला १९५०मध्ये संगीताचं महाविद्यालय उभं राहिलं ते ओंकारनाथांच्या नेतृत्वाखाली. विष्णू दिगंबर पलुसकरांचा हा शिष्य मैफल गाजवत होता आणि ‘संगीतांजली’ या संगीतग्रंथाचे भागही लिहीत होता. राजम तिथेच पुढे सुमारे चाळीस वर्षं शिकवत राहिल्या, विभागप्रमुख झाल्या, अधिष्ठाता झाल्या. याच काळात त्या देशभर वाजवतही होत्या. एका कामामुळे दुसरं अडलं, असं त्यांच्या वादनात मला तरी कुठे ऐकू येत नाही.

आता गजाननबुवा. तुमचा त्यांच्याबद्दलचा अभिमान माझाही आहे. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम मिळालेला तो गवई. त्यांच्या व्हायोलिनमध्ये गाणं येणारच. पण तोच तर फरक आहे. बुवांच्या गळ्यात ख्याल होता आणि तो वाद्यात उतरला. राजम यांना सगळी वाट कर्नाटक व्हायोलिनपासून चालावी लागली, आणि मला लिहायचं होतं ते त्या चालण्याबद्दल. व्हायोलिनवादक डी. के. दातारांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण या चर्चेत तेही हवंच. विष्णू दिगंबरांचे शिष्य विघ्नेश्वरशास्त्री हे त्यांचे गुरू. वाईचे जोग मात्र मी या रांगेत बसवणार नाही. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची तालीम, लयीशी चालणारा खेळ, तंतकारीचा, म्हणजे सतार-सरोदसारख्या तंतुवाद्यांच्या शैलीचा रंग: त्यांची थोरवी वेगळी आहे, आणि तिला गायकी अंगाचं लेबल लावलं तर तीच झाकली जाते.

गायकी अंग राजम यांनीच पहिल्यांदा आणलं, असं मी म्हटलेलं नाही. सुरुवातीच्या काळात अभ्यास आणि वादन यांचा एकमेकांना इतका उघड उपयोग झालेला दुसरा व्हायोलिनवादक मला माहीत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी मागे घेणार नाही. गाण्यात ही उदाहरणं आपल्याकडेच आहेत: प्रभा अत्रे आणि त्यांचं सरगमवरचं संशोधन, किंवा गायक-संशोधक अशोक रानडे. आणि हे रानडे तुमच्या गजाननबुवांकडेच शिकले होते.