टूलरूम बंद पडणार? त्या मेसेजबद्दल खुलासा

भोसरी-चाकणच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेतल्या रॅपिड + टीसीटी परिषदेच्या तज्ज्ञांनी जाहीर केलंय, थ्रीडी प्रिंटिंगमुळे दोन वर्षांत साच्यांच्या टूलरूम बंद.’ (टूलरूम म्हणजे साचे बनवणारं वर्कशॉप.) मेसेजमध्ये ना तारीख, ना तज्ज्ञाचं नाव, ना लिंक.

रॅपिड + टीसीटी ही थ्रीडी प्रिंटिंगची परिषद. अशा परिषदेचे तज्ज्ञ सल्लागार कोणते विषय, कोणते वक्ते घ्यावेत हे सुचवतात. धंद्यांचं भविष्य जाहीर करणं हे त्यांचं काम नव्हे.

आता मूळ मुद्दा. मोल्डिंग मशीनवर, साच्यात प्लास्टिक भरून, बाटलीची झाकणं काही सेकंदांत पडतात, तीही एका शॉटमध्ये, म्हणजे एका भरणीत, अनेक. प्रिंटर थरावर थर चढवतो. तिथे हिशेब मिनिटांचा, कधी तासांचा. पाच-दहा नमुने हवेत तर प्रिंटर परवडतो, लाखभर नग हवेत तर साचाच. उलट प्रिंटर टूलरूमच्याच कामी येतो: धातूच्या प्रिंटरवर साच्याचे इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचे भाग, बनतात. त्यात थंड पाण्याच्या वाहिन्या हव्या तशा वळवता येतात. ड्रिल सरळच जातं. नमुन्यांची छोटी कामं मात्र प्रिंटरकडे वळलीत, हे खरं.

आयटीआयची पोरं हा मेसेज वाचून टूल अँड डाय मेकर ट्रेड सोडायचं म्हणतायत. कृपया तो पुढे पाठवू नका; ज्यांनी पाठवला त्यांना हा खुलासा द्या.