रेक्टिफिकेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे हो, काका!

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जर्मनीत एक सत्र शिकायला जायचा माझा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. का, तर त्यात ‘रेक्टिफिकेशन’ असं लिहिलंय.

‘बेन, आमां रेक्टिफिकेशन लखेलुं छे. नवुं फॉर्म भरवुं पडशे.’

खिडकीतल्या काकांनी त्या शब्दाभोवती लाल पेनानं गोल केला होता. साधासुधा नाही, दोन वेढ्यांचा. मी म्हटलं, काका, तो विषयातला भाग आहे, डिस्टिलेशनचा प्रकार आहे. ते म्हणाले, रेक्टिफिकेशन असेल तर बाजूला सही लागते आणि एचओडी साहेबांच्या थ्रू अर्ज लागतो. मी म्हटलं, पण मी काही दुरुस्त केलंच नाहीये. म्हणाले, मग लिहिलंत कशाला?

सांगा, यावर काय बोलायचं! मागे पंधरा जणांची रांग, वर पंखा नुसता नावाला फिरतोय, मे महिन्यातलं बडोदं, ओढणी पाठीला चिकटलेली, आणि मी त्या जाळीला तोंड लावून डिस्टिलेशनच्या हिशेबाची मॅकेब-थीले पद्धत समजावतेय. हो, समजावलं! फॉर्मच्या झेरॉक्सच्या मागे डिस्टिलेशनचा कॉलम, म्हणजे तो उंच टॉवर, काढून दाखवला. हे बघा काका, मिश्रण इथून मधून आत सोडतात, त्याच्या वरचा भाग तो रेक्टिफायिंग सेक्शन, खालचा तो स्ट्रिपिंग सेक्शन. ‘स्ट्रिपिंग’ म्हटल्यावर मागची दोन पोरं खी खी करायला लागली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, आकृती उलटी धरून पाहिली आणि म्हणाले, ‘आ बधुं साहेबने समजावजो.’ मॅकेब आणि थीले यांनी ती पद्धत १९२५ साली मांडली. शंभर वर्षं होऊन गेली. खिडकी नंबर चारपर्यंत ती अजून पोचायची आहे.

आणि ते तीन शब्द मी हौसेनं लिहिले नव्हते हो. फॉर्मवरच छापलंय, ‘तिथल्या विषयाचा आशय थोडक्यात लिहा.’ लिहिला. रेक्टिफिकेशन, अॅब्सॉर्प्शन, एक्स्ट्रॅक्शन. आता वाटतं, मधल्या शब्दावर पैसे खाल्ल्याचा आरोप झाला नाही हेच नशीब.

पहिल्यांदा फॉर्म परत आला तोही याच विषयापायी. आपल्याकडे ज्याला मास ट्रान्सफर ऑपरेशन्स म्हणतात, त्याला जर्मन लोक म्हणतात ‘टेर्मिशे फेरफारेन्सटेक्निक’. नावातच फेरफार! तलाठ्याकडे न्यायचा कागद वाटावा. त्याचं इंग्रजी भाषांतर यादीत येतं ‘थर्मल प्रोसेस इंजिनिअरिंग’. झालं. आमचे सर म्हणाले, थर्मल म्हणजे हीट, हीट ट्रान्सफर तुझा चौथ्या सेमिस्टरला झालाय, तोच विषय पुन्हा करायला परदेशात कशाला जायचं? सर, त्यात हीट नाहीये, डिस्टिलेशन आहे. नाव थर्मल आहे ना? नाव आहे सर. मग हीटच. केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी विषय नावावरून ओळखायचा म्हणजे डॉक्टरनं पेशंटचं आडनाव बघून गोळी द्यावी तसं. अकरा पानं छापून नेली तेव्हा कुठे सही मिळाली, आणि तीही ‘बघ बाई, तुझ्या जबाबदारीवर’ म्हणत.

दुसऱ्यांदा परत आला तो सही काळ्या शाईत होती म्हणून. निळीच लागते म्हणे, ओरिजिनल ओळखू यायला. सही करणारे सर तोवर कुठल्याशा कॉन्फरन्सला निघून गेले होते. आठ दिवस. त्यावर मी बोलतच नाही.

ज्यांनी हे लर्निंग अॅग्रीमेंट नावाचं प्रकरण भरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. डाव्या रकान्यात इथला विषय, उजव्यात तिथला, आणि मध्ये आपण, दोन सासवांच्या मध्ये उभ्या असल्यासारखे. हे म्हणतात आधी त्यांचं होकाराचं पत्र आण, ते म्हणतात आधी तुमच्या विद्यापीठाची सही आण. फॉर्मची मुदत मे महिन्यात, आणि तिथल्या हिवाळी सत्राचं वेळापत्रक लागणार ऑगस्ट उलटता उलटता. मग विषय निवडायचे कशावरून? ‘मागच्या वर्षीच्या यादीवरून निवडा, साधारण तेच असतं.’ साधारण! मागच्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाचं लग्न काढा म्हणावं, साधारण तेच असतं.

क्रेडिटचा हिशेब तर विचारूच नका. तिथे सत्राला तीस ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, आमच्याकडे बावीस क्रेडिट. त्यांचा एक म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं काम, घरी बसून वाचलेलंही धरून. आमचा एक म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर. घरचं वाचन कोण मोजतंय, आणि खरं सांगायचं तर कोण करतंय. मग त्यांच्या सहाचे आमचे किती? एक सर म्हणतात चार. दुसरे म्हणतात तीन, वर एक असाइनमेंट इथली. परीक्षा विभागाच्या मॅडम म्हणाल्या, असा नियम अजून आलेला नाही, आला की कळवू. खंडेराव मार्केटातली भाजीवाली परवडली, ती भाव जास्त सांगते पण दोघींना एकच सांगते.

मार्कांचं अजून पुढेच आहे. तिथे १.० म्हणजे सगळ्यात चांगलं, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. आमच्याकडे दहापैकी. मी जीव तोडून १.३ आणीन आणि खिडकीतले काका ते तसंच सिस्टिममध्ये चढवतील. दहापैकी एक पूर्णांक तीन. आणि दुरुस्त करायला गेले की म्हणतील, रेक्टिफिकेशनचा अर्ज आणा.

तारखा? तिथली लेक्चरं ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू, परीक्षा फेब्रुवारीत. आमचं सत्र जुलैत सुरू, नोव्हेंबरात संपतं, पुढचं जानेवारीत चालू. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर मी ना इथली ना तिथली, कमाटी बागेत माकडं मोजत बसायचं. परत येईन तेव्हा पुढच्या सत्राचे दोन महिने गेलेले, आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम ‘सर्वांना समान’. शिवाय ऐन नवरात्रात गरबा सोडून जायचं. हे दुःख मी कुठल्या रकान्यात लिहू?

व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी अहमदाबाद. महिन्याचे ९९२ युरो खात्यात आहेत हे दाखवायचं. बाबांनी तो आकडा ऐकून चष्मा पुसला, बोलले काही नाहीत. तो विषय मी इथेच थांबवते.

तर त्या खिडकीवरून फणफणत स्कूटर काढली आणि कालाघोड्याच्या सिग्नलला अडकले. समोर घोड्यावर सयाजीराव. मनात म्हटलं, महाराज, तुम्ही १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलंत, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करार त्यांनाही करावा लागला, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची म्हणून. पण कोलंबियातला अर्थशास्त्राचा पेपर इथल्या कुठल्या पेपरला ऐंशी टक्के जुळतो असा तक्ता कुणी मागितला होता का त्यांच्याकडे? मग लगेच आठवलं की तेच १९१७ साली याच शहरात नोकरीला आले तेव्हा त्यांना कुणी राहायला जागा दिली नव्हती. आणि मी एका लाल गोलावरून रस्त्यात डोळे पुसत होते. लाज वाटली. सिग्नल सुटेपर्यंत टिकली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला आणि राग पुन्हा जागच्या जागी.

घरी आले तर पुण्याच्या आत्याचा फोन. ‘अगं, आमच्या सोसायटीतल्या मुलीचं तर सगळं ऑनलाइन झालं, दोन दिवसांत!’ ही सोसायटीतली मुलगी मी पाचवीत असल्यापासून आहे. तिचं स्कॉलरशिपमध्ये आलं, तिचं बारावीला आलं, तिची पोळीसुद्धा गोल येते. मला तिला एकदा बघायचंय. आणि ते ‘मग काय, मज्जा आहे बाबा तुझी, फिरून घे युरोप’ म्हणणारे लोक! फिरू? मी दांडिया बाजार ते कॉलेज एवढ्या फेऱ्या मारल्यात या महिन्यात की तेवढ्या पेट्रोलमध्ये युरोप दिसायला लागला असता.

आजी एवढंच म्हणाली, ‘पण तिकडे जाऊन नक्की शिकणार काय?’ तर आजी, आजच्या तारखेला संपूर्ण सह्यांसकट, कुणाचीही हरकत नसलेला माझा एकच विषय आहे. जर्मन भाषा, प्राथमिक, ए-वन पातळी. इथे त्याचे क्रेडिट शून्य.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा पंचवीस वर्षं नंदेसरीला केमिकल प्लँटवर आहेत, कॉलम हा त्यांचा माझ्याआधीचा लेक. ते एवढे हसले की आमटीचा ठसका लागला. म्हणाले, ‘अगं, रेक्टिफाइड स्पिरिट म्हणायचं ना, चटकन कळलं असतं!’ बाबा, दारूबंदीच्या गुजरातेत? सरकारी कचेरीच्या खिडकीत? माझा फॉर्म लर्निंग अॅग्रीमेंटच्या फाइलमधून थेट पोलीस चौकीच्या फाइलमध्ये गेला असता.

आणि आता खरी गोष्ट, जी बाबांनाही सांगितली नाहीये.

दुपारी दोनला, डोकं तापलेलं असतानाच, मी तिथल्या को-ऑर्डिनेटर बाईंना मेल टाकला. त्या विद्यापीठाचं नाव सांगत नाही, सही अजून बाकी आहे. मेल लांबलचक, इंग्रजी एकदम कडक. या एका विषयासाठी मी तीन आठवडे झगडतेय, माझ्या विभागाला तुम्हीच एकदा लेखी समजावून सांगा, वगैरे. तिथे सकाळचे साडेदहा. चौदा मिनिटांत उत्तर आलं. चौदा! आमच्याकडे चौदा मिनिटांत खिडकी उघडत नाही. मी आनंदानं उघडलं. फार गोड भाषेत दोन ओळी. तुमच्या चिकाटीचं कौतुक वाटतं, पण हा विषय फक्त उन्हाळी सत्रात शिकवला जातो, मॉड्यूल हँडबुकात दिलेलं आहे.

हँडबुक काढलं. अकरा पानं, तीच, सरांना छापून दिलेली. पहिल्याच पानावर, वरून पाचवी ओळ: टुर्नुस (विषय कधी असतो ते), एसएस. एसएस म्हणजे उन्हाळी सत्र. मी तीन आठवडे ते ‘सेल्फ स्टडी’ म्हणून वाचत होते. त्यावर पिवळा हायलायटरसुद्धा मारलाय, म्हणजे डोळ्यांखालून गेलं नाही असं म्हणायचीही सोय नाही. सरांच्या नजरेला पडलं नाही, तसं काकांच्याही नाही. तिघांपैकी निदान एकानं तो कागद वाचला असता तर. आणि तिघांत जर्मन ए-वन कोण करतंय? मी.

त्याऐवजी हिवाळ्यात मेखानिशे फेरफारेन्सटेक्निक आहे म्हणे, म्हणजे आपलं दळणं, चाळणं, गाळणं. तो आमच्या मेकॅनिकल ऑपरेशन्सला जुळतो. फक्त तो माझा तिसऱ्या सेमिस्टरलाच होऊन गेलाय. प्रोसेस कंट्रोल जमेल, पण तो मंगळवारी दहा ते बारा, आणि रिअॅक्शन इंजिनिअरिंगही मंगळवारी दहा ते बारा. मागच्या वर्षीच्या वेळापत्रकाप्रमाणे. साधारण तेच असतं.

तर आता विषय बदलायचा. विषय बदलायचा म्हणजे भरलेल्या फॉर्मात दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे बाजूला सही, एचओडींच्या थ्रू अर्ज, खिडकी नंबर चार. आता तासभर तोच अर्ज लिहितेय. विषय: रेक्टिफिकेशनबाबत. उद्या सकाळी अकराला त्या जाळीसमोर जाऊन ‘काका, रेक्टिफिकेशन करवुं छे’ म्हणायचंय, आणि ते चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे कसे बघणार हे मला आत्ताच दिसतंय.

घरात निळं पेन एकही नाही. माझं होतं ते त्या खिडकीतच राहिलं.