मोठ्या मायची प्रार्थना

घरून फोन आला की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, तिकडे बाई आर्चबिशप झाली म्हणे?" झाली. कॅंटरबरीच्या पहिल्या स्त्री आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या प्रमुख धर्मगुरू, म्हणून सारा मुलाली यांचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. पण आपल्या चर्च ऑफ साउथ इंडियात पुष्पा ललिता २०१३ सालीच बिशप झाल्या, इंग्लंडला पहिली स्त्री बिशप मिळायला २०१५ उजाडलं, हे सांगितलं की पलीकडे जरा शांतता होते. मग खरा विषय निघतो. आमच्या गावच्या चर्चचा.

खानदेशातलं रेल्वे लाइनीवरचं आमचं जुनं चर्च. तरुण मुलांनी कमिटीपुढे एवढंच मागितलं की महिन्यातून एका रविवारी शुभवर्तमानाचं वाचन आणि एक प्रार्थना अहिराणीत होऊ द्या. ज्येष्ठ म्हणाले, अहिराणी बाजारात बोला, वेदीपुढे नको. काही जण तर उलट्याच टोकाला गेले. त्यांचं म्हणणं, इंग्रजी उपासना सुरू करा, म्हणजे पोरं पुण्याला-सुरतेला गेली तरी चर्चला धरून राहतील. दोन महिने व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही.

मी कॉर्नवॉलमध्ये नर्स आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं हे शेवटचं टोक, तीन बाजूंनी समुद्र. इथे येईपर्यंत मला वाटायचं की इंग्लंडात सगळे पहिल्यापासून इंग्रजीच बोलत आले. तसं नाही. इथे कॉर्निश नावाची निराळीच भाषा होती, वेल्शच्या नात्यातली. १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मर यांनी तयार केलेलं इंग्रजी प्रार्थनापुस्तक सगळ्या चर्चांवर सक्तीचं झालं. लोकांना कळेल अशा भाषेत उपासना व्हावी, हा त्यामागचा हेतू. तोवरच्या लॅटिन उपासनेच्या मानाने किती मोठी गोष्ट! पण कॉर्नवॉलचे लोक म्हणाले, आमच्यातल्या कित्येकांना ही तुमची इंग्रजीही समजत नाही. त्यांना जुनी लॅटिन उपासनाच परत हवी होती, हेही खरं. बंड पेटलं, एक्सेटर शहराला वेढा पडला, हजारो माणसं मारली गेली. कॉर्निशमध्ये प्रार्थनापुस्तक मात्र तेव्हा कोणी केलं नाही.

वेल्सचं नशीब वेगळं निघालं. १५६३ मध्ये पार्लमेंटने बायबल आणि प्रार्थनापुस्तक वेल्शमध्ये आणण्याचा कायदाच केला, १५६७ मध्ये वेल्श प्रार्थनापुस्तक आणि नवा करार आला, १५८८ मध्ये संपूर्ण बायबल. आजही लाखो लोक वेल्श बोलतात. कॉर्निश जन्मापासून बोलणारी शेवटची बाई म्हणून जिचं नाव घेतात, ती डॉली पेंट्रिथ १७७७ साली वारली. भाषा मरण्याची कारणं अनेक असतात, मला कळतं. पण देवापुढे ज्या भाषेला जागा मिळाली नाही ती आधी गेली, हे मी ज्या मातीत राहते तिथे घडलंय.

म्हणून "अहिराणी वेदीपुढे नको" हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात तुटलं. अँग्लिकन परंपरा जपायची म्हणून हे बोलणाऱ्यांनी त्या परंपरेचे एकोणचाळीस नियम उघडावेत. चोविसावा नियम म्हणतो की लोकांना न समजणाऱ्या भाषेत चर्चमध्ये प्रार्थना करणं हे देवाच्या वचनाच्या सरळसरळ विरुद्ध आहे. आणि "आमच्यात असंच चालत आलंय" हेही खरं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळे चर्च-पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा आपल्याच वाडवडिलांनी केवढा बदल पचवला. त्याआधी पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वॉंटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही अँग्लिकन चर्चमध्ये. क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत हे त्यांना पटेना. आपल्या संस्कृतात काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. पुढे त्यांनी बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायांना कळावं अशा मराठीत.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. आमच्या मंडळीत सगळे अहिराणीवाले नाहीत. कोणी लेवा बोलीतले, कोणी नंदुरबारकडचे मावची बोलणारे, रेल्वेच्या बदल्यांमुळे आलेले नगरकडचे. या सगळ्यांना मराठी बांधते. ती काढा असं कोणीच म्हणत नाहीये. एक वाचन, एक प्रार्थना. मावचीलाही एक रविवार द्या की.

माझी मोठी माय चर्चमध्ये गप्प बसायची. पुस्तकातली मराठी प्रार्थना तिला तोंडपाठ होती, पण स्वतःचं काही मागायचं तर ती घरी चुलीपुढे मागायची. कळण्याची भाकर तव्यावर टाकून, पिठाचा हात तसाच जोडून म्हणायची, "देवबा, मना पोऱ्याले सांभाळ." माझे वडील तेव्हा मालगाडीवर असायचे. तेवढं एक वाक्य तिने मंडळीत कधी मोठ्याने म्हटलं नाही. ती भाषा तिथे चालत नाही, हे तिला कोणी न सांगताच समजलं होतं.

इथे आता मधूनमधून कॉर्निश उपासना होते. मी एकीला गेले होते. मूठभर माणसं, हातात छापील कागद, "आगन ताझ नी" असं अडखळत म्हणत होती. म्हणजे "आमच्या पित्या". माझ्या शेजारच्या आजोबांनी ही भाषा साठीनंतर पुस्तकातून शिकली. शब्द चुकला की ते थांबायचे, बोट मागे न्यायचे, पुन्हा म्हणायचे. बरोबर उच्चार कोणाला विचारावा, असं जन्मापासून ती बोललेलं माणूस त्या खोलीत एकही नव्हतं. आपल्याकडे अजून आहेत.

त्या रात्री मी प्रभूची प्रार्थना जमेल तशा अहिराणीत म्हणून ग्रुपवर टाकली. सगळ्यात कडक विरोध करणाऱ्या काकांचा सकाळी फोन आला. "तुले अहिराणी येस का?" म्हणाले. निम्मी मराठीच मिसळलीस, तुझी मोठी माय असं बोलायची नाही. आणि मग एकेक ओळ ते मला दुरुस्त करून सांगत बसले.