'चंद्रकांता'चा खेळ सोपा केला म्हणजे तो पोरकट झाला का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे म्हणणे असे: देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'सारख्या अफाट हिंदी कादंबरीवरचा रोल-प्लेइंग गेम (खेळाडू पात्रे होऊन कथा पुढे नेतात असा खेळ) दोन फासे आणि चार पानांत कोंबला की तिचा पसारा मरतो, परदेशी खेळांना वजन येते ते त्यांच्या शेकडो तक्त्यांमुळे, आणि मोठी अक्षरे, कापलेल्या कोपऱ्यांची कार्डे यांमुळे सगळे शाळकरी दिसते. यातले एकही मला पटत नाही.

आधी तक्ते. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगावर १९८४ साली अमेरिकेत निघालेल्या खेळात तक्त्यांची रेलचेल होती. घावाच्या प्रकाराप्रमाणे वेगळा तक्ता, वर मंत्रांच्या लांबलचक याद्या. हे नियम 'रोलमास्टर' या आधीच्या खेळातून आलेले. मूळ कथेत जादू दुर्मीळ, खेळात मात्र ती मुबलक. २०११ च्या 'द वन रिंग'मध्ये तक्ते कमी आहेत; पण प्रवासाचा शीण, आशा आणि मनावर चढणारी सावली यांचा हिशेब ठेवावा लागतो. कादंबरीतली माणसे ज्याने खचतात, त्यानेच खेळाडू खचतात. कादंबरी जपली जाते ती इथे.

मग १८८८ च्या 'चंद्रकांता'त हा कणा कोणता? ऐयार, म्हणजे वेष पालटून हेरगिरी करणारा चतुर सेवक, शत्रूच्या हाती लागला तर त्याला कैद करतात, जिवे मारत नाहीत. एवढा संकेत उचलला की हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची शिल्लक मोजणारे गुण, लागतच नाहीत. हरलेला खेळाडू बाद होत नाही, तुरुंगात जातो, आणि त्याला सोडवणे हाच पुढचा डाव होतो. नवख्याला यापेक्षा सोयीचा नियम सापडणार नाही: बेरीज-वजाबाकी नाही आणि ताटकळणेही कमी.

फाशांचे गणित मुद्दाम मांडतो, कारण 'दोन फाशांत काय होणार' असे तुम्ही विचारले आहे. दोन फाशांची बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होते, पण किंमत मोजून. ६ किंवा कमी आली तर फसले. पात्राचे कौशल्य या बेरजेत मिळवायचे. ते शून्य असेल तर ३६ पैकी ६ वेळा फत्ते, १५ वेळा किंमत मोजून, १५ वेळा अपयश. कौशल्य +२ झाले की अपयश ६ वर येते आणि फत्ते १५ वर जाते. मधले १५ तसेच राहतात. +४ दिले तर अपयश ३६ पैकी एकदाच, म्हणजे कैदेची धास्तीच संपली. म्हणून मर्यादा +२. खेळ चालवणारे, हौसेने बक्षिसे वाटणारे सूत्रधार नेमके इथे खेळ बिघडवतात.

प्रत्येक ऐयाराच्या बटव्यात सहा घरे ठेवा: कमंद (भिंत चढायचा दोर), बेहोशीची पूड, वेषांतराचे सामान वगैरे. वस्तू वापरली की घर रिकामे. ते भरते फक्त आपल्या गोटात परतल्यावर. बेशुद्धाला हुंगवून शुद्धीवर आणणारा लखलखा मात्र चार खेळाडूंत दोघांकडेच द्या. मग तो कुणासाठी खर्च करायचा यावर जी हुज्जत होते, ती कुठल्याही तक्त्यातून निघणार नाही.

तिलिस्म, म्हणजे कळी-सापळ्यांनी भरलेली गूढ वास्तू, सात दालनांत आवरा. प्रत्येक रहस्याला तीन धागेदोरे हवेत, तेही वेगवेगळ्या दालनांत. एकच ठेवला आणि तो नजरेतून सुटला की सगळे तासभर भिंती चाचपत बसतात.

आता 'शाळकरी' दिसण्याबद्दल, आणि याबद्दल मला खरेच कळकळ आहे. सोलापुरात एका टेबलाभोवती मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरांतली माणसे बसू शकतात. पूर्व भागात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी हे नित्याचेच. सगळे सारख्या वेगाने मराठी वाचतील असे धरून कसे चालेल? म्हणून दालनाचे वर्णन तीन वाक्यांत, मोठ्याने, दोनदा वाचायचे. कागदावरची अक्षरे १८ पॉइंटची, ओळींत दीडपट अंतर; बारीक छपाईत 'ष्ट्र', 'द्ध' अशी जोडाक्षरे शाईने भरून जातात. चकचकीत लॅमिनेशन नको, त्यावर ट्यूबलाइट चमकते. कार्डे २५० ते ३०० जीएसएमची, म्हणजे जाड कागदाची. कमंदीचा एक कोपरा कापलेला, पुडीचे दोन, लखलख्याच्या कडेला खाच. नुसत्या रंगावर भेद ठेवला तर लाल-हिरवा न ओळखू शकणारा खेळाडू अडतो.

दृष्टिहीन खेळाडूसाठी खोल खळ्यांचे फासे घ्या, बोटांना ठिपके मोजता येतात. छापील ठिपक्यांवर गोंदाचे थेंब देण्याची युक्ती फसवी आहे: सहाच्या बाजूला वजन वाढते, ती खाली बसू पाहते आणि एक जास्त वेळा वर येतो. फासे काठाच्या ताटात टाका, तळाशी आपला टेरी टॉवेल. फासा घरंगळत नाही आणि हाताला लगेच सापडतो.

शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला उत्कंठा कशी वाटणार, हा तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. उपाय असा: खेळाडूंना कादंबरीचा नायक राजकुमार वीरेंद्रसिंह किंवा त्याचा ऐयार तेजसिंह देऊच नका. ते नौगढचे कनिष्ठ ऐयार असू द्या, ज्यांचे नशीब कादंबरीत लिहिलेलेच नाही.

आणि हा खेळ छापून विकता येईल का, तर येईल. खत्री १९१३ साली वारले. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र मजकूर मूळ हिंदीवरूनच घ्या. अलीकडच्या अनुवादांवर आणि मालिकेवर त्यांच्या त्यांच्या मालकांचा हक्क आहे.