हेरिटेज वॉकला निघालेल्या सर्वज्ञांस

पेशवेकालीन पुण्याची पायी फेरी बहुधा ‘सकाळी सात, शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा’ अशी ठरते. याचा अर्थ सात वाजता घरातून निघायचं. निघताना चारचाकीच काढावी, कारण कसब्यात आणि बुधवारात ती लावायला जागा शोधण्यात जो अर्धा तास जातो, तेवढ्यात बाकीचे वीस-पंचवीस लोक तुमचं नाव पाठ करतात. सातची वेळ का ठेवतात, हे मनाला लावून घेऊ नका. आठनंतर शिवाजी रस्ता जागा होतो आणि मार्गदर्शकाचा आवाज हॉर्नखाली गाडला जातो, एवढंच त्याचं कारण. तुम्हाला तसंही सगळं माहीत आहे.

पायात नवे बूट घालावेत, लेसचे. वाटेत कसबा गणपती, जोगेश्वरी, बेलबाग आणि तुळशीबाग अशी निदान चार देवळं लागतात. एका देवळाला सोडणं-बांधणं मिळून पाच मिनिटं धरली तर वीस मिनिटांची निश्चिंती झाली. साध्या चपला घालून येणाऱ्यांना हे सुख मिळत नाही. पाण्याची बाटली आणू नये, शेजाऱ्याकडे असतेच.

पहिला प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारावा : ‘‘पण राजधानी तर सातारा होती ना?’’ प्रश्न बरोबर आहे, हीच त्यातली गंमत. गादी साताऱ्याची, कारभार पुण्याचा, आणि बाजीरावांनी सासवड सोडून इथे बस्तान का हलवलं, हे मार्गदर्शक सांगू लागला की फोन वाजू द्यावा. उत्तर ऐकणं हे प्रश्न विचारणाऱ्याचं काम नव्हे.

आता मुख्य मुद्दा, शनिवारवाडा. इथे सिनेमात पाहिलेला महाल मागायचा. तो मिळत नाही म्हणून चेहरा पाडायचा. 10 जानेवारी 1730 ला पाया घातला, 1732 च्या जानेवारीत वास्तुशांत झाली (दोन्ही दिवस शनिवार), फेब्रुवारी 1828 मध्ये आग लागली आणि ती सात दिवस धुमसली. वरचे मजले सागवानी होते, ते जळाले. आत उरली ती जोती. तेव्हा ‘‘आत काहीच नाही, नुसती बाग आहे!’’ हे वाक्य तयार ठेवावं. वाड्याला भेट देणाऱ्या हजारो लोकांनी ते घासूनपुसून लख्ख केलं आहे.

त्या नादात काय काय चुकवायचं, तेही सांगून ठेवतो. दिल्ली दरवाज्याचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत. तिकडे पाठ करून सेल्फी घ्यावी. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, वळते. धावत आलेल्या हत्तीला आणि घोडदळाला वेग मिळू नये म्हणून ती तशी ठेवलेली. तुम्ही ‘‘रस्ता चुकला वाटतं’’ म्हणावं. दरवाज्याच्या भिंतींवर गणपती आणि शेषशायी विष्णू यांची फिकट चित्रं आहेत. ती दिसायला डोळे अंधाराला सरावावे लागतात, म्हणजे दोन मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. हे आपल्याला जमणारं नाही. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा का, हाही प्रश्न टाळावा. त्याऐवजी भूत कुठल्या अमावास्येला येतं ते विचारावं. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला, त्यामागे गारद्यांच्या थकलेल्या पगाराचं आणि भाऊबंदकीचं राजकारण होतं, वगैरे सांगायला मार्गदर्शकानं सुरुवात केली, तर ‘‘काका, मला वाचवा’’ असं खर्जात म्हणून दाखवावं. गटात एक तरी हसतो.

लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं नेमकी कोणत्या खिडकीत तुटली, ते दाखवायचा आग्रह धरावा. छापा 5 एप्रिल 1663 चा आणि समोरची इमारत महापालिकेनं गेल्या शतकात बांधलेली, हा किरकोळ तपशील आहे. खिडकीपुढे फोटो झालाच पाहिजे.

फडके हौद चौकात ‘‘हौद कुठाय?’’ असं विचारलंत, तर मात्र फेरी बिघडायचा धोका आहे. कारण मग नानासाहेब पेशव्यांचं कात्रजचं धरण निघतं, तिथून निव्वळ उतारावर गावात आणलेला जमिनीखालचा दगडी नळ निघतो, नळातली हवा बाहेर पडायला ठेवलेले उच्छ्वास निघतात, आणि काळा हौद, सदाशिव हौद, नाना हौद ही नावं पत्त्यातली नसून पाण्याची होती हे कळतं. पंपाशिवाय पेठांना पाणी पुरवणाऱ्या शहरात उभं राहून टँकरची आठवण येणं तब्येतीला बरं नाही. इथून भरभर पुढे जावं.

विश्रामबागवाड्याशी मार्गदर्शक सज्जाच्या कोरीव सुरूच्या खांबांकडे बोट दाखवेल. तुम्ही बोटाकडे बघा. दुसऱ्या बाजीरावाला शनिवारवाड्यात राहवेना म्हणून हा बांधला, तो अकरा वर्षं इथे राहिला, 1821 मध्ये इंग्रजांनी इथेच संस्कृत पाठशाळा काढली, 1879 मध्ये वाड्याचा मोठा भाग जळाला. एका दर्शनी भिंतीमागे एवढी बिऱ्हाडं नांदून गेली, हे समोरच्या फूटपाथवरूनच नीट कळतं. तिथे दुचाक्या लावलेल्या असतात. म्हणून रस्त्यावर उतरावं आणि रिक्षावाल्याकडून इतिहास ऐकावा.

तुळशीबागेत गट फोडायचा. नारो आप्पाजी खिऱ्यांच्या राममंदिराचं शिखर मान वर केल्याशिवाय दिसत नाही, आणि कानातली, चिमटे, पोळपाट सगळे मानेच्या खाली मांडलेले असतात. ‘‘दोनच मिनिटं’’ म्हणून जावं. मार्गदर्शकानं माणसं मोजली की एक कमीच भरायला हवं.

शेवट मंडईत. ही इमारत 1886 ची, मुंबईच्या गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची. हा पैसा शाळांवर खर्च करा म्हणून जोतिराव फुल्यांनी जिला विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. मार्गदर्शक इथे जरा थांबतो, लोकांना हसू येतंय का ते बघतो. तुम्ही मिसळ कुठे चांगली मिळते ते विचारा.

पावणेदोन किलोमीटर आणि अडीच तास झाले. आता घरी जाऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर सविस्तर लिहावं : लाल महाल शिवकालीन, विश्रामबागवाडा इंग्रजांनी बांधलेला, शनिवारवाडा शाहिस्तेखानानं जाळला. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर संकोच नको. ‘ध’चा ‘मा’ करण्याची विद्या याच वाड्यातली आहे.